शून्य मागणीचे गणित

नळांच्या जाळ्यातील प्रवाह काढण्याची रीत अमेरिकन अभियंता हार्डी क्रॉस यांनी १९३६ साली मांडली. प्रत्येक सांध्यावरील मागणी तीत आधीच भरावी लागते आणि नळ सदैव भरलेले मानले जातात. मुंबईच्या बहुतेक भागांत मात्र पाणी ठरावीक तासच येते. आणि ज्या वस्तीची दप्तरी नोंद नाही, तिची मागणी समीकरणात शून्यच ठरते. उत्तर बिनचूक, घसे कोरडे! अनधिकृत झोपडीवासीयांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाला २०१४ साली महापालिकेस बजावावे लागले. हे शून्य गणितातून निघालेले नाही, ते सत्तेने भरलेले आहे. म्हणून मागणीचे आकडे महापालिकेने वस्तीसभांपुढे उघडे करावेत. तहान किती, हे तहानलेल्यांनाच सांगू द्यावे.