घरी बसून, पण कोणाबरोबर?

या उन्हाळ्यात खामगावला मामेबहिणीचं लग्न होतं. पंगती उठल्या, पानं आली आणि मंडपाच्या मागे खुर्च्या गोल करून नेहमीची मंडळी बसली. अशा बैठकीत माझ्या नावावर एक विषय ठरलेला असतो. पाच-सहा वर्षं मी चिखलीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतोय, ही गोष्ट आमच्या नात्यात अजून पुरती पचलेली नाही. सुरुवातीला तर गल्लीतल्या बायका आईला हळूच विचारायच्या, "पोराची नोकरी गेली का हो?" आता निदान पगार येतो यावर तरी सगळ्यांचा विश्वास बसलाय :)

या वेळी मामांनी वेगळाच प्रश्न टाकला. मामा घाटाखालचे, त्यामुळे वऱ्हाडी अस्सल. म्हणाले, "भाचेबुवा, तू काम करतं, पैसे भेटतात, समजलं. पण तुह्या हापिसातले लोकं तुले ओळखतात तरी काय रे?"

सगळे हसले, मीही हसलो. "ओळखतात की मामा, रोज बोलतो आम्ही," असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. पण परत येताना गाडीत तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण एक काळ असा होता की याचं खरं उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं. बरेच दिवस यावर लिहायचं टाळत होतो. आज लिहितो.

मार्च २०२० च्या मध्यावर पुण्यातली ऑफिसं घरून सुरू झाली, तेव्हा मी दोन आठवड्यांचे कपडे घेऊन चिखलीला आलो. २४ मार्चला देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि ते कपडे कित्येक महिने पुरवावे लागले. पहिलं ऑफिस म्हणजे धान्याची कोठी. तिच्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं काम करायचं. नेट मोबाईलचं, तेही गच्चीवर गेलं तरच नीट. पुढे घरात फायबर आलं. जालना-खामगाव रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची, तिचे रूळ अजून पडलेले नाहीत, पण फायबर मात्र दारात आलं याची गंमत बाबांना अजून वाटते.

काम छान चालू होतं. आमची टीम नऊ जणांची. पुणे, नाशिक, हैदराबाद, बंगळूर आणि चिखली. सकाळी कॉल, मग ज्याची त्याची कामं, संध्याकाळी 'झालं' असं लिहून मोकळं. कोणी कोणाला अडत नव्हतं. प्रवास नाही, ट्रॅफिक नाही. आपण फार भारी जुळवून घेतलंय असं मला मनापासून वाटायचं.

त्या वर्षी जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. बातम्या सगळीकडे. सकाळच्या कॉलवर बंगळूरची एक सहकारी म्हणाली, "अरे, हे तुझ्याच जिल्ह्यात ना?" मग मी सांगत बसलो. उल्केच्या आघातानं काळ्या बसाल्टात पडलेलं विवर, त्यातलं खारं पाणी, पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की फोफावणारे सूक्ष्मजीव. (पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी पुढे तेच कारण सांगितलं.) तो कॉल पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तास चालला. नाशिकच्यानं त्याच्या गावाचं काही सांगितलं, हैदराबादच्यानं त्याच्या वडिलांना खडक-दगड गोळा करायचा नाद आहे हे सांगितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही कामाशिवाय काही बोललो होतो. दुसऱ्या दिवसापासून कॉल परत पंधरा मिनिटांचा.

ते वडील आणि त्यांचे दगड पुढच्या वर्षी आठवले.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. हैदराबादच्या त्या मुलाला मी एक काम दिलं होतं आणि चाळीस मिनिटं उत्तर आलं नाही. त्याच्या नावापुढे हिरवा दिवा होता, म्हणजे तो जागेवर होता. मी चेष्टेत लिहिलं, "झोपला काय?" सोबत हसरा चेहरा. लगेच उत्तर आलं, "सॉरी, करतो." आणि त्यानं ते काम खरंच करून दिलं. त्या शुक्रवारी कंपनीनं सगळ्यांना जोडून ठेवण्यासाठी सुरू केलेला 'फन कॉल' होता. आम्ही हाऊजी खेळलो. तोही होता, कॅमेरा बंद.

चार दिवसांनी दोन ओळींची मेल आली. वडील गेले, दोन दिवस सुटी हवी आहे. ते अकरा दिवस दवाखान्यात होते. मी 'झोपला काय' लिहिलं तेव्हा तो दवाखान्याच्या जिन्यात बसून फोनवर ऑक्सिजनची खाट शोधत होता. हाऊजीचे आकडेही त्यानं तिथूनच खोडले.

अकरा दिवस. नऊ माणसं. रोज सकाळी कॉल. आणि कोणालाही काही कळलं नाही.

मला वाटतं, तुम्हीही आता हेच म्हणाल की ऑफिसात असतो तर कळलं असतं. मीही कित्येक दिवस तेच म्हणत होतो. चहाच्या टपरीवर चेहरा बघून कोणीतरी विचारलं असतंच. यात तथ्य आहे. एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७७ च्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्यानं कमी होतं, आणि पन्नास मीटरच्या आसपास ते जवळजवळ संपतं. पन्नास मीटर! चिखली ते हैदराबादचं काय घेऊन बसलात. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांचा २०२० सालचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. त्यातही हेच दिसलं की सगळे घरी गेल्यावर गट आपापल्यात मिटले आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले.

पण दुसरी बाजूही आहे. चीनमधल्या एका प्रवास कंपनीत २०१० च्या सुमारास नऊ महिने प्रयोग झाला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. आणि तरीही नंतर निवडायची मुभा मिळाली तेव्हा त्यांतले साधारण निम्मे ऑफिसात परतले. मुख्य कारण एकटेपणा. काम वाढलं आणि माणूस कंटाळला, दोन्ही एकाच वेळी खरं.

असो. आकडे बाजूला ठेवू. माझ्या डोक्यात उजेड पाडला तो बाबांनी.

एका संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमची सावड नाहीये रे."

सावड म्हणजे काय हे शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. आजोबांकडे एकच बैल होता. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याकडेही एकच. एका बैलावर पेरणी होत नाही, म्हणून दोघांचे मिळून जोडी. पाऊस पडल्यावर ज्याच्या शेतात आधी वापसा होईल त्याचं आधी पेरायचं. हलकी जमीन लवकर वापशावर येते, भारी काळी उशिरा, त्यामुळे भांडणाला फारशी जागा नसे. हिशोब पैशात नाही, दिवसाला दिवस. ज्याचं शेत त्याच्या घरची भाकरी.

बाबा म्हणाले, "सकाळी शेजारी बैल घेऊन आला नाही, तर बाबा त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. लई प्रेम होतं म्हणून नाही. आपला बैल उभा राहतो म्हणून. गेल्यावर मग कळायचं, की पोरगं तापलंय, की घरात वाद झालाय. तुमच्यात कोणाचा बैल कोणावाचून उभा राहतो?"

मी गप्प. कारण कोणाचाच राहत नव्हता. आम्ही कामं इतकी स्वच्छ वाटून घेतली होती की कोणाचं कोणावाचून अडू नये. आणि याचाच मला अभिमान होता! 'कोणी कोणाला अडत नाही' याचा दुसरा अर्थ 'कोणी नसला तरी कोणाला कळत नाही' असा होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेतंही लांब लांबच असतात की. आजोबा आणि शेजारी काही एका खोलीत बसत नव्हते. त्यांना अंतरानं तोडलं नाही, कारण काम एकमेकांत गुंतलेलं होतं.

माझं मत तेव्हापासून असं झालंय की घरून काम करणाऱ्या टीमची माणसं हाऊजी खेळून जोडली जात नाहीत. करमणूक वाईट नाही, पण कॅमेरा बंद करून कोणीही हसू शकतो. माणसं जोडली जातात ती कामातल्या गरजेनं. आणि ती गरज ऑफिसात आपोआप तयार होते, लांब असताना ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

आमच्या मॅनेजरबाईंना मी हे सगळं सांगितलं, बैलांसकट. त्या हसल्या नाहीत. आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. एक, कोणतंही मोठं काम एकट्याचं नाही, दोघांचं. महिन्याला जोडी बदलायची. जोडीनं रोज सकाळी पंधरा मिनिटं फोनवर बोलायचं, काय अडलंय एवढंच. सुरुवातीला दोघा-तिघांना हा वेळेचा अपव्यय वाटला, आणि खरंच पहिले दोन महिने आमचा वेग कमी झाला. पण अडलेलं काम बोलता बोलता 'आज लक्ष लागत नाहीये रे' पर्यंत माणूस येतो, हे सगळ्यांना हळूहळू कळलं. समोर बसून 'कसा आहेस' विचारलं तर 'मस्त' हेच उत्तर येतं. काय अडलंय हे विचारलं की खरं येतं.

दुसरी गोष्ट, काय ठरलं ते लिहून ठेवायचं. ज्याला त्या दिवशी यायला जमलं नाही, ज्याची लाईट गेली, ज्याचं लेकरू आजारी, त्याला नंतर वाचून कळलं पाहिजे. न आलेल्या माणसाला परकं वाटू नये, एवढाच उद्देश.

आणि वर्षातून दोनदा भेटायचं. हे मात्र कोणत्याही फोननं भागत नाही. पहिल्यांदा सगळे चिखलीला आले, जानेवारीत. शेतात रोडगे केले. ज्यांनी केलेत त्यांना माहीत आहे, हे एकट्याचं काम नव्हे. कोणी गोवऱ्या रचा, कोणी कणीक तिंबा, कोणी वांगी चिरा, कोणी राखेतून रोडगे काढून झटका. रात्री विस्तवाजवळ हैदराबादचा मुलगा शेजारी बसला होता. मी त्याला त्या 'झोपला काय'बद्दल माफी मागितली. त्याला तो मेसेज आठवतच नव्हता. म्हणाला, "मला सांगायचं होतं. पण कोणाला सांगू हे कळत नव्हतं. सगळ्यांच्या नावापुढे हिरवा दिवा होता, सगळे कामात वाटत होते."

दुसऱ्या दिवशी मेहकरवरून सगळ्यांना लोणारला नेलं. पाणी आता गुलाबी नव्हतं, नेहमीसारखं हिरवट. परतताना त्यानं वाटेतल्या एका चहाच्या टपरीमागून साधा काळा दगड उचलून खिशात टाकला. कशाला, ते कोणी विचारलं नाही.

घरून काम सगळ्यांना मानवेल असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात एकच खोली आहे, किंवा जी पोरं कॉलेजातून थेट नोकरीला लागतात आणि शेजारी बसून शिकायचं वय आहे, त्यांना ऑफिस हवंच. त्या चिनी कंपनीत पुढे आठवड्यातले दोन दिवस घरून काम देऊन पाहिलं, तेव्हा नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं कमी झाले, असं २०२४ मध्ये छापून आलं. मधला रस्ताही चांगला असू शकतो. मीही दर दोन महिन्यांनी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाऊन येतो. कोणी बोलावलेलं नसतं. पण बैल कधीतरी दुसऱ्याच्या शेतात न्यावा लागतोच.

तर मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लग्नात नीट दिलं नाही, ते इथे देतो. गेल्या सोमवारी मला ताप होता. मी कोणाला कळवलं नव्हतं, म्हटलं दुपारपर्यंत उतरेल. सव्वादहाला फोन वाजला. या महिन्यातली माझी जोडी, नाशिकचा. "काय रे, आज आला नाहीस? माझं काम अडलंय."

ओळखतात मामा. आता ओळखतात.