‘नुसती प्लेट टाक रे’ : घरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी हे ठरवा



आमच्या रत्नागिरीच्या बॅचमधल्या एका मुलाने मध्यंतरी विचारलं, "सर, आयटीआय झालंय, दोन वर्षं गॅरेजला काम केलंय, आता घरच्या खळ्यातच पत्रे टाकून सुरुवात करतोय. गिअरबॉक्स उतरवायचं काम घेऊ का? की नुसतं सर्व्हिसिंग, ब्रेक, सस्पेन्शन एवढंच करू?"

मी म्हटलं, घे. बिनधास्त घे. सर्व्हिसिंग आज कोणीही करतो. गिअरबॉक्स खाली घेऊन क्लच बदलून देणारा माणूस वाडीत असेल, तर गिऱ्हाईक त्याला सोडत नाही. त्यात आपला मुलूख असा. शहरात चढउतार, बाहेर पडलात की आंबा घाट, आणि अर्धा क्लच दाबून गाडी चढावर उभी ठेवायची सवय तर आपल्या सगळ्यांना. क्लच जाणारच. काम कमी पडणार नाही.

पण त्याच मुलाने सहा महिन्यांनी वही आणून दाखवली, आणि त्या वहीतल्या एका पानावरून हा लेख लिहितोय. त्याने परवानगी दिलीय, नाव लिहीत नाही.

जुलै महिना. वाडीतल्या एका काकांची छोटी गाडी. क्लच घसरतोय, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. मजुरी ठरली २,५०० रुपये. हेल्परला दिवसाचे ६००. दोघांनी मिळून दीड दिवसात गिअरबॉक्स उतरवला. प्लेट पार संपलेली होती, ती बदलायचीच होती. पण रिलीज बेअरिंग हाताने फिरवलं तर कोरडं, खरखर करत होतं. त्याने काकांना सांगितलं, "काका, हे पण आत्ताच बदलूया." काका म्हणाले, "अरे कशाला उगाच खर्च वाढवतोस? नुसती प्लेट टाक रे." वडीलधारा माणूस, रोज समोरून जाणार. हा गप्प बसला आणि नुसती प्लेट टाकली.

तीन आठवड्यांनी काका परत हजर. क्लच दाबला की किर्र आवाज. "तू उघडलंस तेव्हापासून येतोय. आधी नव्हता." झालं! बेअरिंगचे पैसे काकांनी दिले, पण मजुरी? "ती तर मागेच दिली ना." पुन्हा दीड दिवस. त्यात भर म्हणजे काढलेलं नवंकोरं गिअर ऑइल उघड्या बादलीत ठेवलेलं, पागोळीचं पाणी त्यात पडलं. ६०० रुपयांचं ऑइल खिशातून.

आता हिशोब मांडा. आले २,५००. हेल्परला दोन वेळचे मिळून १,८००. ऑइलचे ६००. उरले १०० रुपये. तीन दिवस गाडीखाली पाठीवर झोपून १०० रुपये.

यात काकांची चूक मी फार धरत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ते नक्की कशाचे पैसे देतायत. आपण बोर्डावर लिहितो ‘क्लच प्लेट बदलून मिळेल’, आणि प्लेट हातात घेतली तर ताटाएवढी वस्तू. गिऱ्हाईकाला वाटतं, एवढीशी वस्तू बदलायला दोन दिवस? खरं काम प्लेट बदलण्याचं नाहीच, ते अर्ध्या तासाचं. खरं काम आहे तिथपर्यंत पोचण्याचं आणि परत येण्याचं. म्हणून माझं स्पष्ट मत: घरच्या गॅरेजवाल्याने ‘क्लच प्लेटचं काम’ विकूच नये. ‘गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं’ विकावं. मजुरी त्याची. आणि एकदा खाली आला की आतलं झिजणारं सगळं त्याच मजुरीत बदलून होतं, हे आधी, गाडी वर घ्यायच्या आधी बोलावं. उतरवल्यावर सांगितलं की तीच गोष्ट गिऱ्हाईकाला फसवणूक वाटते.

त्याच्याही आधी एक पायरी आहे, आणि ती नवीन मुलं हमखास चुकवतात. खात्री करा की उतरवायची गरज आहे का. क्लच केबलवर चालणाऱ्या गाडीत गिअर जड पडतायत, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होतंय, तर आधी केबल बघा. आपल्या खाऱ्या हवेत केबल आतून गंजते, ताठ होते, क्लच पूर्ण सुटत नाही. अर्ध्या तासाचं काम. आवाज येतोय तर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून क्लच दाबा. दाबल्यावर आवाज येतो, तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज जातो आणि सोडल्यावर येतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघावं लागेल, म्हणजे ते क्लचचं काम नाहीच. केबल बदलून ज्याची गाडी नीट करून दिलीत तो माणूस तुमची जाहिरात फुकट करतो. दोन दिवसांची मजुरी सोडून दिली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता उतरवण्याबद्दल. हे काही ट्रेनिंग मॅन्युअल नाही, पद्धत तुम्हाला येत असेलच: बॅटरीची निगेटिव्ह आधी, एक्सल नट चाकं जमिनीवर असताना ढिले, मग गाडी वर, ऑइल काढा, एक्सल, स्टार्टर, केबली, मग इंजिनला आधार देऊन माउंटिंग. पण दोन-तीन गोष्टी पैशाशी आणि जिवाशी जोडलेल्या आहेत, त्या बोलतो.

पहिली, चिरे. होय, आपले जांभ्याचे चिरे! खळ्यात पडलेले असतातच, जॅकने गाडी उचलली की त्याखाली दोन-दोन चिरे रचायचे आणि आत शिरायचं. मी स्वतः हे केलंय, तेव्हा कोणाला शहाणपण शिकवायचा अधिकार मला नाही, तरी सांगतो. जांभा सच्छिद्र, ठिसूळ दगड. भिंतीत सगळीकडून दाबला असतो म्हणून टिकतो. गाडीच्या चॅसिसची कड त्याच्या एका कोपऱ्यावर आली की तो फुटतो, आणि फुटायच्या आधी सांगत नाही. गिअरबॉक्स खेचताना तर गाडी हलतेच हलते. चार लोखंडी स्टँड घ्या. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. इंजिनला आधार देण्यासाठी चेन ब्लॉक घराच्या वाशाला लटकवलेला पाहिलाय, आंब्याच्या फांदीलाही पाहिलाय. जमिनीत रोवलेली, सिमेंट भरलेली लोखंडी चौकट करून घ्या.

मुद्रा कर्जात शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतात. ते मिळाले की आपली मुलं काय करतात? कॉम्प्रेसर आणि फ्लेक्सचा बोर्ड! माझ्या मते आधी स्टँड, मग चांगला ट्रॉली जॅक, चेन ब्लॉक, गोटी पान्याचा सेट आणि टॉर्क रेंच. बोर्ड पुठ्ठ्यावर रंगवला तरी गिऱ्हाईक येतं. शिवाय कॉम्प्रेसर आला की क्लचची धूळ हवेने उडवायचा मोह होतो. ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

दुसरी गोष्ट वेळेची. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचे खालचे बोल्ट गंजून धरलेले असतात. गाडी सकाळी घेऊ नका, आदल्या संध्याकाळी घ्या. सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि रात्रभर सोडा. ज्या बोल्टला सकाळी दोन तास गेले असते तो दहा मिनिटांत निघतो. तुटला तर त्याचा खर्च कोणाचा, हेही आधी बोलून ठेवायचं.

आणि चढवताना घाई नको. छोट्या गाडीचा गिअरबॉक्ससुद्धा तीस-पस्तीस किलोच्या आसपास भरतो. तो नुसत्या इनपुट शाफ्टवर लटकला की नव्या प्लेटचा हब वाकतो. प्लेट नीट मध्यावर बसवलेली असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं हाताच्या जोराने मिळतात. बोटभर फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ओढू नका. अ‍ॅल्युमिनियमचा कान तुटला की सगळ्या महिन्याची कमाई गेली.

गिअरबॉक्स उतरवा, पण उघडू नका, हेही माझं मत. निदान पहिली दोन वर्षं. काहीजणांना हे पटत नाही, "आम्हाला येतं की" म्हणतात. येत असेल! पण तुमच्याकडे जागा एकच गाडीची आहे. गिअरबॉक्स उघडला, आतला एखादा सिंक्रो रिंग इथे मिळाला नाही, कोल्हापूर नाहीतर मुंबईहून मागवला, तर गाडी स्टँडवर आठवडाभर अडकली आणि तुमचं दुकान आठवडाभर बंद. खोललेला गिअरबॉक्स जुन्या जाणत्या मिस्त्रीकडे द्या, फ्लायव्हील खराब असेल तर लेथवाल्याकडे. मिरजोळे एमआयडीसीकडे एक फेरी मारून कोण काय करतं ते आधीच बघून ठेवा. क्लच सेट मात्र हातात आल्याशिवाय पहिला बोल्टसुद्धा ढिला करायचा नाही.

त्या मुलाने आता पावती छापून घेतलीय. त्यावर असं आहे: गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे, मजुरी इतकी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही एकत्र. क्रँकचं मागचं सील आणि एक्सलची सीलं, उतरवल्यावर ग्राहकाला दाखवून. आणि शेवटची ओळ: ‘ग्राहकाने न बदलायला सांगितलेला पार्ट’, पुढे रिकामी जागा, त्याखाली ‘या पार्टसाठी पुन्हा उतरवावं लागल्यास पूर्ण मजुरी पडेल’ आणि सही. सही करायची वेळ आली की दहातले बरेचजण म्हणतात, "बरं, टाक बाबा तेही." वडीलधाऱ्यांशी वाद घालायची वेळच येत नाही, कागद बोलतो.

एक विषय राहिला. काढलेलं काळं ऑइल. खळ्याच्या कडेला ओतायचं आणि वर माती लोटायची, हे आजही चालतं. जांभ्यातून पाणी झिरपतं तसं ऑइलही खाली जातं, आणि वीस पावलांवर विहीर असते. तुमची, नाहीतर शेजाऱ्याची. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्या. घरच्या गॅरेजवर ग्रामपंचायतीत पहिली तक्रार आवाजाची येते, दुसरी ऑइलची. दुसरी आली की धंदा घरून हलवावाच लागतो.

आता धंद्याची गोष्ट. आंब्याच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, पिकअपवाला गाडी दोन दिवस उभी करायला तयार होत नाही. क्लच गेला तरी तसाच रेटतो आणि घाटात अडकतो. या गाड्यांचा गिअरबॉक्स लांबट, पाठीमागे प्रोपेलर शाफ्ट, वजन बरंच जास्त. एकट्याने छातीवर घेऊन उतरवायचा नाही, दोन माणसं आणि जॅक हवाच. पण मुद्दा असा की त्यांना फोन करायची वेळ फेब्रुवारी आहे. "दादा, हंगामाच्या आधी क्लच बघून देतो, बघायचे पैसे नाहीत." दहा फोन केलेत तर दोन-तीन गाड्या येतातच, आणि त्या तुमच्या सोयीच्या दिवशी येतात.

पुढचा व्हिडिओ या पावतीवरच करतोय. तुमच्या भागात गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी किती घेतात ते गाडीच्या मॉडेलसकट कळवा, चिपळूण, राजापूर, देवगड कुठलंही चालेल.