निवडणुकीचा साहेब कोणाचा?

मित्रांनो, निवडणूक आली की आपल्या वस्तीत दोन माणसं हमखास येतात. एक पुढाऱ्याचा चमचा, पाकीट घेऊन. दुसरा शाळेचा मास्तर, पोरांची फेरी घेऊन. ‘मतदान हा तुमचा पवित्र हक्क आहे’ असं पोरं ओरडत जातात. पहिल्याला आपण बरोबर ओळखतो. दुसऱ्याच्या मागे कोण उभा आहे ते कधी विचारत नाही. मास्तराच्या मागे तहसीलदार, तहसीलदाराच्या मागे कलेक्टर, आणि कलेक्टरच्या मागे मुंबईत मंत्रालयात बसलेला साहेब. मुख्य निवडणूक अधिकारी त्याचं नाव. मला आज त्याच्याबद्दल बोलायचंय. माणसाबद्दल नाही, खुर्चीबद्दल.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. वकील नाही, प्राध्यापक तर नाहीच. कायद्याची पुस्तकं पाळी सुटल्यावर वाचली, अडखळत वाचली. पण गिरणीत एक गोष्ट न वाचता कळते. मुकादम कोणाचा पगार खातो, त्यावर तो कोणाकडे बघून मान हलवतो ते ठरतं.

मग हा साहेब कोणाचा पगार खातो? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 13-अ हे कलम आहे. राज्य सरकारचाच अधिकारी, राज्य सरकारशी सल्लामसलत करून, निवडणूक आयोगानं या खुर्चीवर बसवायचा. चाल अशी आहे, की सरकार तीन नावं पाठवतं आणि आयोग त्यातलं एक उचलतं. यादीच्या कामापुरता तो आयोगाच्या ताब्यात, प्रतिनियुक्तीवर. म्हंजे उसना. मुदत भरली की परत सरकारच्या दारात. पुढची बदली तिथं, बढती तिथं. उसना बैल मालकाचा गोठा विसरत नाही.

आता बाबासाहेबांकडे या. 15 जून 1949. घटना समितीत बाबासाहेब उभे राहिले. मसुद्यात आधी प्रत्येक प्रांताचा आयोग वेगळा होता, गव्हर्नरनं नेमलेला. बाबासाहेबांनी ते मोडलं आणि सगळा कारभार एका केंद्रीय आयोगाकडे दिला. का? कारण काही प्रांतांतली सरकारं आपल्या वंशाची, आपल्या भाषेची, आपल्या संस्कृतीची नसलेली माणसं यादीत घेऊच नका, असं अधिकाऱ्यांना सांगत होती. कानावर आलं होतं त्यांच्या. म्हंजे आज 324 कलम म्हणून जे आपण वाचतो, ते कोणासाठी लिहिलं गेलं? ज्याचं नाव गाळलं जातंय त्या माणसासाठी. मंत्रालयातली ती खुर्ची त्याच कामासाठी आहे. रांगोळ्या काढायला आणि टक्केवारी वाढली म्हणून पाठ थोपटून घ्यायला नाही.

त्याच चर्चेत शिब्बनलाल सक्सेना, हृदयनाथ कुंझरू यांनी बोट ठेवलं, की नेमणूक सरकारच्याच हातात राहतेय. बाबासाहेबांनी तो धोका नाकारला नाही. सरकारच्या अंगठ्याखालचा माणूस नेमला गेला, तर नोकरीची नुसती हमी देऊन काय उपयोग, हे त्यांनी सरळ मान्य केलं. ते भोक अजून बुजलेलं नाही. 2023 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं मुख्य निवडणूक आयुक्त निवडायच्या समितीत सरन्यायाधीशांना बसवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेनं कायदा करून त्यांना उठवलं आणि तिथं पंतप्रधानांच्या पसंतीचा मंत्री बसवला. वर हे, तर खाली काय असणार?

खाली अजून एक खुर्ची आहे, राज्य निवडणूक आयुक्ताची. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका त्याच्याकडे. महाराष्ट्रात ती 1994 साली आली. नेमणूक राज्यपालांची, म्हंजे सरकारचीच. 2014 ला सहारिया आले, 2019 ला मदान आले, दोघेही आदले मुख्य सचिव. काल ज्या सरकारची फाईल चालवली, आज त्याच सरकारला जाब विचारायचा! आणि ही खुर्ची आमदारांना खुपली की काय होतं तेही बघा. 2008 साली विधानसभेनं हक्कभंगाच्या ठरावावरून आयुक्त नंदलाल यांना दोन दिवस तुरुंगात धाडलं. शेजारी गोव्यात तर 2020 साली सरकारच्या कायदा सचिवालाच या खुर्चीचा जादा चार्ज दिला. पुढं नगरपालिकांच्या प्रभागांचं आरक्षण वादात सापडलं. 12 मार्च 2021 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की सरकारी नोकर या खुर्चीवर चालणार नाही. राखीव जागांचा घोळ आणि सरकारी माणूस, ही जोडी कशी एकत्र सापडते ते ध्यानात ठेवा.

आपल्या नगरचंच घ्या. 2022 च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसला. 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं आयोगाला चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून बजावलं. तीन वर्षं उलटून गेली होती. इतके दिवस आपल्या राखीव गटातला माणूस सभागृहात नाही, आणि कोणाला काही वाटलं नाही.

आता यादीवर या. खरा खेळ तिथं आहे. माझ्या आईचं नाव एका निवडणुकीत यादीतून गेलं. शेरा काय, तर ‘स्थलांतरित’. आई ऊसतोडीला गेली होती. घर इथं, रेशनकार्ड इथं, दाराला कुलूप. कुलूप बघून कोणीतरी रेघ मारली. जाब विचारला तर उत्तर मिळालं, ‘पुढच्या टायमाला बघू.’ आता कायदा वाचा. कलम 20 म्हणतं, थोड्या काळासाठी माणूस बाहेर गेला म्हणून त्याचं राहणं मोडत नाही. कलम 22 म्हणतं, गाव सोडलं म्हणून नाव काढायचं तर आधी म्हणणं मांडायची संधी द्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडातून दरसाल कोयता घेऊन टोळ्या निघतात. विधानसभेचं मतदान 2024 ला 20 नोव्हेंबरला झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर. सैनिकाला टपालानं मत आहे, 85 वर्षांच्या म्हाताऱ्याला घरी बसून मत आहे, आणि ते असावंच. ऊसतोड कामगाराला काय आहे? 2023 च्या जानेवारीत आयोगानं परगावाहून मत देता येईल असं एक यंत्र पक्षांना दाखवलं. पक्षांनी शंका काढल्या, यंत्र बाजूला पडलं. साखर मात्र वेळेवर निघाली.

हे फक्त नगरचं नाही. बिहारात 2025 साली यादीची फेरतपासणी झाली आणि कच्च्या यादीत 65 लाख नावं नव्हती. कोणाचं नाव का गेलं हे कारणासकट जाहीर करा, असं ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. रेघ मारायला पेन लागतं. ती पुसायला सुप्रीम कोर्ट लागतं.

यादीत नाव राहिलं तरी पुढं बूथ आहे. कागदाची मतं होती तेव्हा, धमकीची भीती असेल तिथं सगळ्या पेट्यांतली मतं मिसळून मोजायची सोय 1961 च्या नियमांत होती, नियम 59-अ. मशीन आली आणि मोजणी बूथवार झाली. नमुना 20 मध्ये बूथवार आकडे जाहीर होतात. हजार-बाराशे मतांचा बूथ, त्यात आपली वस्ती. गुप्त मतदान कुठं राहिलं? दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर हिशोब लागतो, की बौद्धवाडा कुठं गेला. मग पाण्याचा टँकर लांब उभा राहतो, मजुरी बंद होते. बरेच बूथ एकत्र मोजणारं यंत्र आयोगानं 2008 लाच सुचवलं. 2015 साली कायदा आयोगानं होकार दिला. केंद्र सरकारनं नकार दिला. बूथवार आकडा पुढाऱ्याला हवा असतो. कोणाला रस्ता द्यायचा आणि कोणाची जिरवायची ते त्यावर ठरतं.

ज्या जिल्ह्यात 2013 ला सोनई घडलं, 2014 ला खर्डा घडलं, त्या जिल्ह्यात आपलं मत उघडं पडणं ही साधी गोष्ट आहे का? जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. गावकुसाबाहेरचा पत्ता तोच राहिला.

मुख्य निवडणूक अधिकारी म्हणेल, नियम बदलणं माझ्या हातात नाही. खरंय. पण कुठल्या वस्तीला कोण धमकावतो याची आगाऊ यादी करा, असा आयोगाचाच हुकूम आहे. ती यादी खालून वर नीट आली का, हे बघणं त्याच्या हातात आहे. आपल्या तालुक्यातल्या किती वस्त्या त्यात आहेत? विचारा. लेखी विचारा. मत देण्यावरून दलिताला धमकावलं तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(एल) लागतं, मतदानानंतर बहिष्कार टाकला तर 3(1)(एन). मास्तराच्या फेरीत ही कलमं का ओरडत नाहीत?

कोर्टात जायचं म्हणाल, तर या जिल्ह्यानं तेही पाहिलंय. 1991 ची लोकसभा, गडाख विरुद्ध विखे. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1993 ला गडाखांची निवड रद्द झाली. दोघेही साखरेचे सम्राट, वकील परवडत होते. आपल्या आईच्या नावावरच्या रेघेसाठी कोण वकील देणार?

म्हणून कार्यकर्त्यांनो, तुम्हालाच सांगतो. 14 एप्रिलला डीजे, 26 नोव्हेंबरला उद्देशिका, 6 डिसेंबरला चैत्यभूमी. मीही जातो, जाणार. पण आपल्या वस्तीची मतदारयादी शेवटची कधी वाचली? नमुना 6 नाव घालायचा, 7 काढायचा, 8 दुरुस्तीचा. तुमच्या वस्तीतल्या कोणाविरुद्ध कोणी 7 भरला, माहितंय? नाव गेलं तर 15 दिवसांत कलेक्टरकडे अपील. तिथं नाही भागलं तर 30 दिवसांत दुसरं अपील, आणि ते थेट त्याच मुंबईच्या साहेबाकडे. कलम 24. हे दार आपल्यासाठी उघडं आहे आणि आपण तिकडं फिरकत नाही.

कोणी म्हणेल, सगळं थोतांड आहे, बहिष्कार टाका. 1952 ला बाबासाहेब उत्तर मुंबईत हरले. घटना लिहिणारा माणूस हरला. त्यांनी घटना फाडली का? अशोक मेहतांबरोबर त्यांनी निवडणुकीविरुद्ध रीतसर अर्ज ठोकला. अर्जाचं यश-अपयश नंतरचं. कागद घेऊन दारात उभं राहायचं त्यांनी सोडलं नाही.

उसना साहेब आपोआप आपला होणार नाही. त्याच्या टेबलावर अपिलांचा ढीग लागला पाहिजे, प्रत्येक अपिलावर नाव, वस्ती, तारीख. पुढची यादी लागेल तेव्हा वस्तीत दोघं-दोघं जाऊन घरोघर वाचा. कुलूप असलेलं घर आधी वाचा.

जयभीम.