अक्षरओळख आणि विचारांची ओळख

जून महिना आला की बालवाड्यांच्या दाराशी पालकांची गर्दी होते आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : मूल लिहू-वाचू कधी लागेल? हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु वाचू लागणे म्हणजे नेमके काय, हा त्याआधीचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. चार वर्षांच्या मुलाने बाराखडी अस्खलित म्हणून दाखविली की पालक समाधान पावतात, शिक्षिका निर्धास्त होते आणि मुलाचे शिक्षण मार्गाला लागले, असे सर्वजण गृहीत धरतात.

वस्तुतः बाराखडी हे पाठांतराचे नव्हे, तर्काचे साधन आहे. 'क'ला काना दिला की 'का' होतो, 'म'ला काना दिला की 'मा' होतो, एवढे ज्या मुलाला उमगले त्याला 'न'चे काय होईल हे सांगावयाची गरज नाही; ते त्याचे त्याला शोधता येते. दोन उदाहरणांवरून नियम काढणे आणि तो तिसऱ्या ठिकाणी लावून पाहणे, ही अनुमानाची पहिली पायरी होय. आपल्याकडे मात्र हीच बाराखडी स्तोत्रासारखी घोकून घेतली जाते आणि शोधाची संधी मुलाच्या हातून निसटते.

गोष्टींच्या बाबतीतही हेच घडते. काऊचे शेणाचे घर आणि चिऊचे मेणाचे घर मराठी माणसाला सांगावयास नको. पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले, येथे गोष्ट क्षणभर थांबवून मुलाला विचारावे : मेणाचे घर का टिकले? आणि पावसाऐवजी वैशाखातले कडक ऊन पडले असते तर? पेटत्या मेणबत्तीचे मेण वितळताना पाहिलेले मूल थोडा वेळ विचार करील आणि म्हणेल, मग चिऊलाच काऊच्या दारी जावे लागले असते! या एका उत्तरात कारण आहे, परिणाम आहे आणि न घडलेल्या गोष्टीची कल्पना करून निष्कर्षाप्रत जाण्याची शक्तीही आहे.

चित्रांचे पुस्तक हाती असेल, तर पान उलटण्यापूर्वी पुढे काय होईल याचा अंदाज विचारावा. अंदाज चुकल्यास तो का चुकला, हे मागील पानावर शोधावयास लावावे. पेरणी, कणीस, पीठ आणि भाकरी अशी चार चित्रे विस्कटून द्यावीत आणि क्रमाने लावण्यास सांगावे. पोहणारे प्राणी एकीकडे आणि उडणारे दुसरीकडे ठेवताना बदक कोठे ठेवावयाचे, यावर मुलांना भांडू द्यावे. येथे उत्तरापेक्षा 'का?' या प्रश्नाला मुलाने दिलेले कारण अधिक मोलाचे असते.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, ही सबब महाराष्ट्राने तरी पुढे करू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया यांनाच त्यांनी साधने बनविले. त्यांना उणीव जाणवली असेल ती पैशाची; कल्पकतेची नव्हे.

याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत पुढील इयत्तांत मोजावी लागते. २०२४ सालच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला नाही. ज्यांना वाचता येतो त्यांना त्याचा अर्थ किती उमगतो, हा प्रश्न वेगळाच. पुढे गणितातील शाब्दिक उदाहरणापाशी अडणारा विद्यार्थी अनेकदा आकडेमोडीत नव्हे, तर वाक्यांतील संबंध जुळविण्यात अडलेला असतो.

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही, समतेचाही आहे. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी रात्री गोष्ट वाचली जाते, प्रश्नोत्तरे होतात. त्या मुलाला विचारांचे हे वळण विनामूल्य मिळते. ऊसतोड कामगाराच्या किंवा बांधकामावरील मजुराच्या मुलाला ते मिळावयाचे, तर अंगणवाडीतच मिळावयाचे. २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जेम्स हेकमन यांनी वंचित मुलांच्या आरंभीच्या वर्षांवर केलेला खर्च समाजाला सर्वाधिक परतावा देतो, असे प्रतिपादन केले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. परंतु १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकेकडे आहार, वजने, लसीकरणाचा पाठपुरावा आणि नोंदी यांचा एवढा भार आहे की, गोष्ट सांगण्यास वेळ उरावा कसा? धोरण कागदावर विस्तारते आणि सेविकेचा दिवस मात्र तेवढाच राहतो.

म्हणून मागणी माफक असावी, पण आग्रहाची असावी. रोजचा अर्धा तास नोंदींपासून मुक्त ठेवून तो केवळ गोष्ट आणि प्रश्न यांना द्यावा. मराठीतील तसेच मुलांच्या घरच्या बोलीतील चित्रमय पुस्तके कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती पडावीत. गोष्ट कोठे थांबवावी आणि काय विचारावे, याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सेविकांना मिळावे.

अक्षरे शिकवू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. अक्षरांबरोबर प्रश्नही शिकवावेत, एवढेच म्हणणे आहे. येत्या जूनमध्ये बालवाडीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या पालकांनी 'मूल वाचू कधी लागेल?' या प्रश्नाला 'ते विचारू कधी लागेल?' या प्रश्नाची जोड दिली, तर शिक्षिकेलाही आपले काम वेगळ्या दृष्टीने पाहावे लागेल.