‘झून’ची मजल कॅनडापर्यंतच

मायक्रोसॉफ्टने १४ नोव्हेंबर २००६ रोजी ‘झून’ हे खिशात मावणारे संगीतयंत्र अमेरिकेत विक्रीस काढले, तेव्हा ॲपलच्या ‘आयपॉड’ला बाजारात येऊन पाच वर्षे झाली होती. किंमत जवळपास तीच, साठवण तीच, पडदा किंचित मोठा. शिवाय एका झूनवरून दुसऱ्यावर बिनतारी गाणे पाठवण्याची सोय होती. मात्र आलेले गाणे तीनदा ऐकले किंवा तीन दिवस उलटले, की ते मुके होई. जून २००८ मध्ये हे यंत्र कॅनडात गेले आणि तेथेच थबकले. २०११ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ते उत्तर अमेरिकेबाहेर अधिकृतपणे कोठेही विकले गेले नाही. जगातील बहुसंख्य संगणक जिच्या प्रणालीवर चालत, तिला समुद्र ओलांडता आला नाही. याचे कारण केवळ यंत्राच्या गुणदोषांत शोधणे व्यर्थ आहे.

कारण परदेशात या कंपनीपाशी फौज नव्हती असे मुळीच नाही. २००४ मध्ये तिने ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे ‘नक्की वाजेल’, ही योजना काढली होती. गाण्यांना लावायचे कुलूप मायक्रोसॉफ्टचे, यंत्रे इतरांची, अशी ती वाटणी होती. सिंगापूरची क्रिएटिव्ह, दक्षिण कोरियाच्या सॅमसंग व आयरिव्हर अशा कंपन्या या छत्राखाली आल्या. संगणकाच्या क्षेत्रात याच मार्गाने मायक्रोसॉफ्टने ॲपलला कोपऱ्यात रेटले होते. संगीतात हा डाव तितक्या लवकर साधेना, हे खरे. परंतु त्यावर योजलेला उपाय रोगाहून जालीम ठरला. झून आला तो स्वतःचे निराळे कुलूप घेऊन. ‘नक्की वाजेल’ म्हणून विकलेली गाणी त्यावर वाजेनात. मायक्रोसॉफ्टच्याच ‘एमएसएन म्युझिक’ या दुकानातून घेतलेलीदेखील नाहीत! मित्रांशी अशी स्पर्धा मांडल्यावर परदेशातील लढाई लढणार कोण? झूनची वार्ता फुटल्यानंतर, ऑगस्ट २००६ मध्येच, क्रिएटिव्हने ॲपलशी पेटंटचा तंटा मिटवून १० कोटी डॉलर पदरात पाडून घेतले आणि आयपॉडसाठी जोडसाहित्य बनवण्याचेही ठरवले.

त्यात गाण्यांच्या परवान्याचा प्रश्न. तो हक्कधारकांकडून देशागणिक मिळवावा लागतो, आणि ते काम यंत्र घडवण्याहून किचकट असते. ॲपलने जून २००४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व जर्मनीत, तर ऑगस्ट २००५ मध्ये जपानात आपले दुकान थाटले होते. (भारतात ते उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला.) ॲपलचेही कुलूप घट्टच होते, पण काल विकलेले गाणे आज आपल्याच यंत्रावर वाजणार नाही, असा प्रसंग तिने ग्राहकावर आणला नाही.

झून पाहता पाहता विस्मरणात गेला. आयपॉडचीही सद्दी पुढे मोबाइल फोनने संपवली व २०२२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. झळ लागली ती ‘नक्की वाजेल’वर विसंबून पैसे मोजणाऱ्यांना. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एमएसएन म्युझिक’च्या ग्राहकांना कळवले, की ३१ ऑगस्टनंतर त्यांच्या गाण्यांना नव्या संगणकावर परवाना मिळणार नाही. त्यावर गिऱ्हाइकांनी एवढा गहजब केला, की ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवणे कंपनीला भाग पडले.