मदत गावापर्यंत पोहोचू द्या

मार्च 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडूनच अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली वेगळा झाला तो 1982 साली. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा तर्क मान्य झाला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाला आव्हान दिले आणि देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या लाटेने 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी दुसऱ्या दुरुस्तीने पती आणि सासरच्यांकडून होणारा छळ दखलपात्र गुन्हा ठरवणारे कलम 498-अ दंड संहितेत आले. पुढे 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही स्त्रियांच्या याच चळवळीने मिळवला. ज्या जंगलपट्ट्यातल्या एका मुलीने सोसलेल्या अन्यायातून देशातल्या बाईला न्याय मागण्याचे बळ मिळाले, त्याच पट्ट्यातली बाई आज मार खाऊन गप्प का बसते, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांनी स्वतःला विचारला पाहिजे.

ती गप्प बसते, कारण बोलायला जायचे कुठे हेच तिला ठाऊक नसते. ठाऊक असले तरी तिथवर पोहोचता येत नाही. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. जिवतीच्या डोंगरावरच्या बाईलाही चंद्रपूर गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मनातले बोलायला तिच्याकडे माडिया असते, गोंडी असते, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. तक्रार मात्र मराठीत लिहिली जाते. पण हा प्रश्न फक्त आदिवासी पाड्यांचा आहे असे शहराने समजू नये. वेकोलिच्या कोळसा खाणींच्या वसाहतींत आणि चंद्रपूर-बल्लारपूरच्या पक्क्या घरांतही हेच घडते. तिथे अंतराची जागा अब्रूची भीती घेते.

देशाचे चित्रही वेगळे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या अवघ्या 14 टक्के होत्या. 77 टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही.

या मौनावरचा उपाय गडचिरोलीने पूर्वीच दाखवला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते संशोधन प्रसिद्ध केले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. बाया दुखणे अंगावर काढत होत्या, कारण त्यांना कुणी विचारलेच नव्हते. गावात जाऊन, विश्वास मिळवून विचारल्यावर त्या बोलल्या. घरातल्या मारहाणीबाबतही हेच करावे लागेल.

दारूबंदीच्या लढ्यात याच बाया मोठ्या आवाजात बोलल्या. गडचिरोलीत 1993 मध्ये बंदी आली ती गावोगावच्या स्त्रियांच्या रेट्यामुळे. चंद्रपूरच्या स्त्रिया 2010 च्या डिसेंबरात ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत चिमूरहून पायी नागपूरला विधिमंडळावर धडकल्या. जिल्ह्यात 2015 मध्ये बंदी लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. ‘पिऊन येतो आणि मारतो’ हेच त्या बायांचे पहिले गाऱ्हाणे होते. बंदी असावी की नसावी यावर सभा झाल्या, समित्या बसल्या. त्या गाऱ्हाण्याचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही. दारूने हिंसा वाढते हे खरेच आहे. पण पिऊन आलेला नवरा वाटेत भेटलेल्या ठाणेदारावर हात उचलत नाही. तो घरी येऊन बायकोवरच उचलतो. आपल्याला इथे कुणी जाब विचारणार नाही, हे त्याला नशेतही पक्के माहीत असते. न पिणारेही मारतात, ते याच खात्रीवर.

ही खात्री गाव पुरवते. 2007 मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने शेतीच्या बांधाचे आणि भाऊबंदकीचे अनेक वाद कोर्टाबाहेर मिटवले, हे तिचे श्रेय. पण बाईला झालेली मारहाण हा बांधाचा वाद नव्हे. गावच्या तंटामुक्त समितीसमोर नवऱ्याने माफी मागितली, कागदावर सह्या झाल्या आणि तिला पुन्हा त्याच घरी पाठवले, म्हणजे तंटा मिटला असे होत नाही. तिला पुढचा मार खाताना बोलायला जागा उरत नाही, एवढेच होते. समितीला खरोखर काही करायचे असेल, तर तिने बाईला आधी एवढेच विचारावे, ‘तुला काय हवे?’ आणि ती सांगेल त्या कार्यालयापर्यंत तिच्यासोबत जावे.

तिला काय मिळू शकते, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत हवे. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, धमकी, लैंगिक जबरदस्ती आणि पैशांची कोंडी यांनाही हिंसाचारच म्हटले आहे. लग्नाची नोंद नसली तरी लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला तो लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले, तरी तिला तिथून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई हे सारे ती एकाच अर्जात मागू शकते. माहेरी आली असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. छळाचा फौजदारी गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली नोंदवला जातो.

मदतीसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे; जिवावर बेतले असेल तर 112. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे तात्पुरता निवारा, उपचार, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत एका छताखाली मिळावी, हा त्यामागचा हेतू. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. दवाखान्यात गेल्यावर ‘पडले’ असे न सांगता खरे सांगावे आणि जखमांची नोंद करून घ्यावी. कोर्टात तो कागद तिच्या बाजूने बोलतो. शेजारी, आशा ताई, अंगणवाडी सेविका यांपैकी कुणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, ही हमी कायद्यातच आहे.

पण 181 लावायला रेंज लागते आणि सखी केंद्र गाठायला गाडीभाडे. म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. संरक्षण अधिकारी जिल्ह्याबरोबर तालुक्यालाही नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, कोरची आणि जिवती येथे त्याची अंमलबजावणी सर्वांत आधी व्हावी. या अधिकाऱ्यांकडे दुसऱ्या कामांचे ओझे नको, त्यांना प्रवासखर्च हवा आणि सोबत गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली जाणणारी स्थानिक स्त्री हवी. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांआधी दवाखान्यात येते हे तिथे ओळखले गेले. आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अशी प्रशिक्षित परिचारिका आणि बंद दाराची एक खोली का असू नये? आशा ताईंना हे काम द्यायचे तर त्याचे प्रशिक्षण, मानधन आणि संरक्षणही द्यावे लागेल, कारण मारणाऱ्याच्या गावातच त्या राहतात.

गावांनीही आपला वाटा उचलावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभेची ताकद देशाला दाखवली. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब चोख ठेवते, तिने घरातल्या मारहाणीला खासगी मामला म्हणू नये. येत्या ग्रामसभेत एक ठराव व्हावा: या गावात बाईला मारणे हा गुन्हा मानला जाईल, तक्रार करणारीवर बहिष्कार टाकला जाणार नाही आणि तिला तालुक्याला नेण्याचा खर्च गाव करील. ठराव लिहिताना त्या सभेत बाया बसलेल्या असाव्यात आणि त्यांचे बोलणे सर्वांत आधी ऐकले जावे.