कुंपणावर झोत, शिवारात अंधार



रात्री कुणी डोळ्यांवर बॅटरी मारली की काय होते, हे जागली करणाऱ्याला शिकवावे लागत नाही. तो आपल्याला पाहतो, आपल्याला तो दिसत नाही. मोठ्या आवारांच्या पहाऱ्याची युक्ती हीच. दिव्यांचा झोत कुंपणाबाहेर, माणसाच्या डोळ्यांवर वळवायचा. बाहेरचा आंधळा होतो, आतला पहारेकरी अंधारात सुरक्षित राहतो. झोतानंतर डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो.

युक्तीबद्दल आमची तक्रार नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या लोकांनी आपला माल जरूर राखावा. आमचा सवाल एवढाच, की आमचा माल कोणी राखायचा?

चंद्रपूरहून 500 किलोव्होल्टची वाहिनी 752 किलोमीटर धावून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला उतरते. क्षमता 1500 मेगावॉट. 1999 पासून ती चालू आहे. कापूस-ज्वारीच्या शिवारांवरून जाते, पण वाटेत कुठेही थांबत नाही. खाली आपण काय करतो? वर्षानुवर्षे पाळीने मध्यरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहतो आणि रानडुकरांमागे डबे वाजवत फिरतो. दिवा लावला तर जनावर चार दिवस बुजते, पाचव्या दिवशी त्याच उजेडात ज्वारी खाते.

सरकार म्हणेल, 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ केले. ज्याच्याकडे विहीरच नाही, त्या कोरडवाहूला पंपाची माफी काय कामाची? त्याला कुंपण हवे. ते मिळत नाही म्हणून कुणी तारेत थेट वीज सोडतो, आणि सकाळी बांधावर माणूस मेलेला सापडतो.

बाहेरचा कोण, हेही एकदा विचारू. कल्याणजवळ नेवाळीला महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने धावपट्टीसाठी जमिनी घेतल्या. 2017 च्या जूनमध्ये नौदलाची भिंत उठू लागली, तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले. ज्यांच्या बापजाद्यांनी ती जमीन कसली, तेच भिंतीबाहेरचे ठरले.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शेतीला तीन फेज वीज दिवसा द्या. कोरडवाहू गावांना झटका देणारे, पण जीव न घेणारे सौर कुंपण द्या, आणि ते एकेका वावराला नव्हे, सबंध शिवाराला. नाहीतर एकाच्या वावरातून हाकललेले डुक्कर शेजाऱ्याच्या वावरात जाते.

घोषणांचा झोत आमच्या डोळ्यांवर पुष्कळ मारून झाला. आता तो जरा शिवाराकडे वळवा.